नांगर : शेतातला आणि समुद्रातला

वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वाचकाला 'नांगर' या शब्दाने काय आठवते, हे मी सांगण्याची गरज नाही. होडी खाडीत उभी आहे, नाळेवरून दोर पाण्यात उतरला आहे आणि दोराच्या टोकाचे नखाळ लोखंड खाली गाळात रुतले आहे. हाच शब्द यावल, अमळनेर किंवा शिरपूरकडील एखाद्या शेतकऱ्यापुढे उच्चारा. त्याच्या डोळ्यांपुढे बैलजोडी येते, तापीकाठची काळी माती येते, उन्हाळ्यात उलथून टाकलेली ढेकळे येतात. दोघेही मराठी बोलतात, दोघेही एकच बायबल वाचतात आणि एकाच वचनाला दोघेही श्रद्धेने मान डोलावतात. दोघांच्या मनातील वस्तू मात्र निराळ्या असतात.

ते वचन इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे (६:१९). देवाने अब्राहामाला दिलेले अभिवचन, त्या अभिवचनावर वाहिलेली शपथ आणि या दोन अढळ गोष्टींमुळे आपल्याला लाभणारा धीर यांविषयी लिहिता लिहिता पत्रलेखक आशेला जिवाचा नांगर म्हणतो. हा नांगर भक्कम आहे, तो ढळत नाही आणि पडद्याच्या आतल्या बाजूला जाऊन पोहोचतो, असे त्याचे वर्णन आहे. उपासनेच्या क्रमात हे वाचन विषम वर्षांत, सामान्य काळाच्या दुसऱ्या आठवड्यातील मंगळवारी येते. म्हणजे जानेवारीचा तिसरा आठवडा. खानदेशात त्या वेळी गहू-हरभरा शेतात उभा असतो, कापसाची शेवटची वेचणी चालू असते, आणि मंगळवारच्या मिस्साला चर्चमध्ये चार म्हातारी माणसे आणि दोन धर्मभगिनी एवढीच उपस्थिती असते.

अशाच एका मंगळवारी मिस्सानंतर ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या नातवाला हे वचन समजावून सांगताना मी ऐकले. जमीन पड राहिली की तिच्यात हरळी माजते, तसा जीव पड राहिला की त्यातही नको ते माजते. मग आशा येऊन त्याला नांगरते, फाळ खोल आत शिरतो, तेव्हा कुठे पेरलेले उगवते, असे त्यांचे निरूपण होते. प्रवचन म्हणून ते उत्तम होते. मी त्यांना तेथल्या तेथे अडवले नाही. तरीही पत्रलेखकाने हे म्हटलेले नाही, आणि का म्हटलेले नाही हे पाहण्यासाठी या शब्दाच्या थोडे मागे जावे लागते.

पत्राच्या मूळ ग्रीक भाषेत हा गोंधळ संभवतच नाही. शेतातल्या नांगराला तेथे 'आरोत्रॉन' म्हणतात, जहाजाच्या नांगराला 'आंक्युरा'. या दुसऱ्या शब्दात वाकडेपणाचा, आकड्याचा अर्थ आहे. आपला 'अंकुश' त्याच घराण्यातला. हिंदी बायबलमध्येही एकीकडे 'हल' आणि दुसरीकडे 'लंगर' असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे भुसावळच्या रेल्वे वसाहतीत हिंदी बायबल वाचणाऱ्या कुटुंबांना ही अडचण कधी येत नाही. अडचण आहे ती मराठीत. आपल्याकडे दोन अगदी भिन्न शब्द दोन दिशांनी चालत आले आणि एकाच रूपात येऊन मिळाले.

शेतातला नांगर फार जुना. संस्कृतात तो 'लाङ्गल'. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील शेतीविषयक सूक्तात तो आलेला आहे. बलरामाला 'लांगली' म्हणतात तो याच शब्दावरून. परंतु भाषाशास्त्रज्ञ या शब्दाला मुळात आर्यभाषेतला मानत नाहीत. कानडीत नांगराला 'नेगिलु', तमिळमध्ये 'नांजिल' म्हणतात. फ्रेंच पंडित झां प्रझिलुस्की यांनी तर हा शब्द मुंडा-खासी कुळातील भाषांकडून आला असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. त्याच कुळातील कोरकू भाषा सातपुड्याच्या पूर्वेकडे, मेळघाटात, आजही बोलली जाते. तेव्हा वेदांच्या कवींनी ही वस्तू आणि तिचे नाव या भूमीत आधीपासून शेती करणाऱ्यांकडून घेतले असावे, या तर्काला बळ मिळते. आपण ज्यांना 'मागास' म्हणून शिकवायला जातो, त्यांच्या पूर्वजांकडून आर्यांनी नांगराचे नाव उचलले असेल, तर हा विचार सेमिनरीत शिकलेल्या माणसाने अधूनमधून मनात घोळवावा असाच आहे.

'लाङ्गल'चा 'नांगर' झाला, त्यात आरंभीच्या 'ल'चा 'न' झाला. पालीत तो 'नङ्गल' असा आधीच झालेला होता. ल आणि न यांची ही अदलाबदल मराठीला नवी नाही. 'निंब' आपण 'लिंब' म्हणतो, 'नवनीत' हे 'लोणी' होते, आणि 'ललाट' झिजत झिजत 'निढळ' होते. आदामाला निढळाच्या घामाने भाकर खावी लागली, ते हे निढळ.

समुद्रातला नांगर फारसी आहे. मूळ शब्द 'लंगर'. आपल्या किनाऱ्यावरील जहाजांची पुष्कळशी बोली अरबी-फारसी खलाशांकडून आलेली आहे. बंदर, खलाशी, सुकाणू, नाखवा हे सारे शब्द त्याच वाटेने आले. लंगर आला तेव्हा मराठी माणसाच्या तोंडी 'नांगर' आधीच होता. तोही जमिनीत रुतणारा, तोही आकड्याच्या आकाराचा. कोकणातल्या माणसाने फारसी शब्द आपल्या ओळखीच्या शब्दाच्या साच्यात घातला आणि वेगळे नाव ठेवण्याचा त्रास वाचवला. गंमत अशी की लंगर हे मूळ रूप मराठीतून गेले नाही. समुद्रापासून दूर, जेजुरीसारख्या खंडोबाच्या ठाण्यांवर, लोखंडी साखळी एका हिसड्यात तोडण्याचा जो विधी होतो, त्याला 'लंगर तोडणे' म्हणतात. फारसीत नांगराबरोबर त्याच्या साखळीचा आणि बेडीचाही अर्थ त्या शब्दात होता. तो अर्थ देशावर राहिला. आणि नांदेडच्या गुरुद्वारात यात्रेकरूंना जेवू घालतात तो लंगरही तोच शब्द. जिथे वाटसरू थांबतो, तिथे त्याला अन्न मिळते, असा तो अर्थ पसरत गेला.

क्रियापदाच्या बाबतीत तर मराठीने कमालच केली. 'नांगरलेले शेत' आणि 'बंदरात नांगरलेले जहाज' हे दोन्ही प्रयोग आपण एकाच वर्तमानपत्राच्या एकाच पानावर वाचतो आणि आपल्याला काही खटकत नाही. शेत नांगरले म्हणजे ते हलवले, उलथले. जहाज नांगरले म्हणजे ते थांबवले. एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. त्यात 'गाढवाचा नांगर फिरवणे' हा तिसरा प्रकार: १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवांचा नांगर फिरवला, अशी आठवण आपल्या इतिहासात आहे, आणि जिजाबाईंनी पुढे त्याच भूमीवर सोन्याचा नांगर चालवला अशी परंपरा आहे. मीखा संदेष्ट्याने सियोन शेतासारखे नांगरले जाईल असे म्हटले (३:१२), ते मराठी वाचकाला भाष्याशिवाय कळते, ते या पुण्याच्या आठवणीमुळे.

आता वस्तूंकडे वळू. शब्द दोन ठिकाणांहून आले असले, तरी या दोन्ही वस्तू प्रदीर्घ काळ एकाच कारागिराच्या हातच्या होत्या. तो म्हणजे सुतार.

आपल्या प्रभूला गावकऱ्यांनी ज्या धंद्यावरून ओळखले, त्यासाठी संत मार्कने 'तेक्तोन' हा शब्द वापरला आहे (६:३). संत मत्तयच्या शुभवर्तमानात तो तेक्तोनचा मुलगा आहे (१३:५५). आपण त्याचे भाषांतर सुतार असे करतो आणि ते योग्यच आहे. परंतु ग्रीकमध्ये तेक्तोन घर बांधणारा, औते करणारा आणि जहाज बांधणाराही असे. होमरच्या इलियडमध्ये जहाजाची तुळई सूत धरून सरळ करणाऱ्या कारागिराला हेच नाव आहे. सुताराचे सूत तेथेही आहेच. या तेक्तोनचा सख्खा भाऊ संस्कृतात 'तक्षन्' म्हणून आहे, आणि ज्या धातूपासून तो आला त्यापासूनच मराठीत 'तासणे' आले. वाकसाने लाकूड तासणारा आपल्या गावचा सुतार आणि नासरेथचा सुतार यांच्या कामाचे नाव भाषेच्या मुळाशी एकच आहे. दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या संत जस्टिन हुतात्म्याने तर प्रभू येशूने नांगर आणि जू तयार केली असे लिहून ठेवले आहे. तो स्वतः पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेला होता, म्हणून त्याच्या या नोंदीला वजन आहे.

खानदेशातील जुना नांगरही सुताराचाच. बाभळीचे खोड, त्यात बसवलेली हाळीस, मागे रुमणे, खाली फाळ आणि फाळ घट्ट धरणारा वसू. लाकूड सुताराचे, फाळ लोहाराचा, आणि दोघांचे बलुते शेतकऱ्याच्या खळ्यावर. (इस्राएलांना एके काळी फाळ पाजवायला शत्रूंकडे, पलिष्ट्यांकडे, जावे लागे, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. लोहार परका असला की शेतकरी किती परावलंबी होतो, हे आपल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको.) आमच्याकडची काळी जमीन भारी. तिला दरवर्षी नांगरत नसत. वखराच्या पाळ्या घालून भागवत, आणि हरळी-कुंदा फार माजला की काही वर्षांनी एकदा, दोन-तीन बैलजोड्या जुंपून, खोल नांगरट करत. आखाजीला सालदाराचे नवे साल सुरू होई आणि मृगापूर्वी शेत तयार व्हावे लागे. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी आरंभी तो घेईनात, हे प्रसिद्धच आहे. नंतर घेतला, आणि सुताराच्या नांगराची अखेर सुरू झाली. ट्रॅक्टरने उरलेसुरले काम संपवले. जळगावच्या केळीच्या बागांमधून हिंडताना लाकडी नांगर आता शोधूनही सापडणे कठीण.

या लाकडी नांगराला रुमणे एकच असे. पॅलेस्टाइनमध्येही एकच मूठ असे. एका हातात ती आणि दुसऱ्या हातात बैल हाकण्याची आर. म्हणून लूकच्या शुभवर्तमानात (९:६२) नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयी प्रभू बोलतो, तेव्हा तो 'हात' एकवचनी आहे. मागे पाहिले की तास वाकडा जातो. त्या बोलण्यामागे अलीशाची गोष्ट आहे. बारा जोड्यांनिशी नांगरणारा अलीशा आईबापांचा निरोप घेण्याची परवानगी मागतो आणि नंतर औताचेच लाकूड जाळून बैलांचे मांस शिजवतो (१ राजे १९). ही दोन्ही वाचने 'क' वर्षात सामान्य काळाच्या तेराव्या रविवारी एकत्र येतात, म्हणजे जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी. खानदेशात ते ऐन पेरणीचे दिवस. हा नांगर समजावून सांगायला धर्मगुरूला काहीच कष्ट पडत नाहीत. रविवार असतो, चर्च भरलेले असते, लोकांच्या हातांना मातीचा वास असतो.

कष्ट पडतात ते मंगळवारच्या नांगरासाठी.

तोही मुळात दगडा-लाकडाचा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग परिसरात जुने दगडी नांगर आढळले आहेत. हिंदी महासागरात वापरला जाणारा असा एक नांगर म्हणजे उभा, लांबट, चौकोनी दगडी खांब. वरच्या टोकाला दोरासाठी एक भोक, खालच्या टोकाकडे एकमेकांना काटकोनात दोन चौकोनी भोके. त्या भोकांतून लाकडाचे टोकदार दांडे आरपार घालत. तेच तळाच्या मातीत रुतत. वजन दगडाचे, पकड लाकडाची. हे दांडे तासून नेमके त्या भोकांत ठोकून बसवणारा माणूस जहाज बांधणाऱ्या सुतारांतलाच. भूमध्य समुद्रातील रोमन जहाजांचे नांगरही पुष्कळदा लाकडाचे असत, वरचा आडवा दांडा तेवढा शिशाचा ओतलेला. माल्टाजवळच्या समुद्रातून असे शिशाचे दांडे वर काढलेले आहेत. संत पौलाला घेऊन जाणारे जहाज त्याच माल्टाला फुटले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात खलाशी रात्री पाण्याची खोली मोजतात, खडकांच्या भीतीने जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची प्रार्थना करतात. तो अध्याय कोळी समाजातील वाचकांनी एकदा सावकाश वाचावा. त्यातील प्रत्येक तपशील जाणत्या माणसाचा आहे.

म्हणून पहिल्या शतकांतील ख्रिस्ती माणसाला नांगर म्हटले की वादळातली ती रात्र आठवे. रोमच्या भुयारी दफनभूमींत, प्रिसिला आणि दोमितिला येथील थडग्यांवर, नांगर कोरलेले आहेत. काही ठिकाणी त्यांच्याशेजारी मासा. आडव्या दांड्यामुळे त्यात क्रूसही दिसे, आणि छळाच्या काळात तो उघड दाखवावा लागत नसे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ख्रिस्ती लोकांनी मुद्रेच्या अंगठीवर कोणती चिन्हे कोरावीत हे सांगताना कबुतर, मासा आणि जहाज यांच्याबरोबर नांगरालाही जागा दिली आहे.

आता त्या वृद्ध शेतकऱ्याच्या निरूपणाकडे पाहू. 'आत जातो' हा पत्रातील शब्द त्यांनी अचूक धरला होता. दोन्ही नांगरांचे खरे काम न दिसणाऱ्या जागी चालते, फाळ मातीखाली आणि नखे पाण्याखाली. परंतु 'ढळत नाही' या शब्दाशी त्यांचे निरूपण अडते. शेतातला नांगर एका जागी अडला की तो निकामी. जहाजाचा नांगर जागेवरून सरकला की तो निकामी. पत्रलेखक ज्यांना लिहीत होता ती माणसे छळाने डळमळलेली, श्रद्धा सोडून मागे फिरण्याच्या बेतात असलेली होती. त्यांना तो उलथापालथीचे आश्वासन देत नाही. त्यांना धरून ठेवणारे काही आहे, आणि ते पडद्याआड, जिथे प्रभू आपल्या आधी गेला आहे तिथे, रुतलेले आहे असे तो सांगतो. जहाज लाटांवर हलत राहतेच. त्याला तळाशी जोडणारा असतो एक दोर. जुन्या कराराच्या हिब्रूत आशेला 'तिक्वा' म्हणतात आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ दोर असा आहे. राहाबने खिडकीला बांधलेली किरमिजी दोरी ती हीच तिक्वा (यहोशवा २). इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात आशा आणि नांगर जवळ यावेत हे त्यामुळे मला फार स्वाभाविक वाटते.

मग भाषांतरकारांनी येथे दुसरा शब्द योजायला हवा होता काय? एका सहकारी धर्मगुरूंनी 'लंगर' सुचवला होता. मला तो पटत नाही. खानदेशच्या माणसाला लंगर म्हणजे खंडोबाची साखळी किंवा गुरुद्वारातील पंगत. एक गैरसमज काढून तेथे दोन बसवण्यासारखे ते होईल. 'आधार', 'खुंटा' असे सोपे शब्द घातले तर समुद्रच नाहीसा होतो. नांगर हाच शब्द राहावा आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात तो चित्र काढून समजावून द्यावा, असे माझे मत आहे.

तापी मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर वाहते, पण खानदेशातून समुद्राकडे जहाजे कधी गेली नाहीत. पात्रातले खडक आणि धबधबे ती जाऊ देत नाहीत. उतारावरच्या नावेला काठावरचा खुंटा पुरे होई. तरी या प्रदेशाचा जहाजांशी संबंध आला, तो लाकडातून. शेजारच्या डांगचे सागवान जहाजबांधणीला उत्तम म्हणून इंग्रजांनी १८४२ मध्ये तेथल्या भिल्ल राजांकडून जंगले भाडेपट्ट्याने घेतली, आणि त्या काळी डांगचा कारभार खानदेशातूनच पाहिला जाई. सागाचे टिकाऊपण किती, याचे उदाहरण म्हणून १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया सुतारांनी बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाहायला मिळते. राजांना पट्ट्याची रक्कम मिळाली. जंगलात राहणाऱ्यांच्या कुऱ्हाडीवर आणि जाळून पेरण्याच्या शेतीवर मात्र निर्बंध वाढत गेले.

आणि याच प्रदेशात शेतातल्या नांगराला जहाजाच्या नांगराचे काम करावे लागले, हा इतिहास आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांच्या घरचा आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. डोंगरांतील भिल्लांशी पहिली काही वर्षे नुसत्या चकमकी झाल्या. १८२५ पासून एल्फिन्स्टनच्या सरकारने धोरण बदलले. जेम्स आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली, आणि दुसरीकडे भिल्ल एजंट नेमून डोंगरातल्या लोकांना बैल, बियाणे आणि नांगर यांसाठी तगाई देण्यात येऊ लागली. हेतू उघड होता. ज्याच्या घरी नांगर आला तो डोंगर सोडून पठारावर एका गावात राहील, सरकारच्या वहीत त्याचे नाव चढेल, तो सापडेल. फिरते लोक एका जागी नांगरण्यासाठी त्यांना नांगर देण्यात आला. काहींना त्यातून जमीन मिळाली, स्थैर्य मिळाले, हे खरे आहे. पुढे सावकाराने कर्जापोटी तीच जमीन घेतली, तेव्हा त्यांच्याकडे नांगर होता आणि नांगरायला काही नव्हते, हेही तितकेच खरे आहे. आज धुळे-नंदुरबारची जी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि सुरतेकडे निघतात, त्यांना आशा जिवाला धरून ठेवते असे सांगताना मला हा इतिहास आठवतो.

नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. त्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, नर्मदेकाठची तेहतीस गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात गेली. धरणाचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण भरला. कित्येक कुटुंबे पुनर्वसनाच्या वसाहतींत उतरली. काही वर डोंगरावर सरकून तेथेच राहिली. त्यांच्याकडे आता पाण्यातून जावे लागते. सरकारचा तरंगता दवाखानाही बोटीवरच आहे. त्या पाण्याखाली शेते आहेत, बांध आहेत, पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली काळी माती आहे. आणि त्याच शेतांवर आता बोटी नांगरतात. तेथल्या मुलांना इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातला नांगर फळ्यावर काढून दाखवण्याची गरज पडणार नाही. आजोबांचा नांगर कसा होता, हाळीस कुठे बसत असे आणि रुमणे कोणत्या हातात धरत, हे त्यांना चित्र काढून सांगावे लागेल.